वहम, वहीम आणि फाल्गुनराव

आमच्या घरात एक शब्द दोन अर्थांनी नांदत आला आहे. माझी अम्मा दखनीत बोलायची. लहानपणी रात्री कौलांवरून मांजर चाललं आणि मी दचकून उठलो, की ती अंगावर हात ठेवून म्हणायची, 'कुछ नहीं बेटा, वहम है.' वहम म्हणजे भास. जे नाही ते आहे असं वाटणं. पुढे शाळेत मराठी वर्तमानपत्र वाचायची गोडी लागली, तर तिथे बातमी असायची, 'चोरीच्या वहिमावरून दोघे ताब्यात.' इथे वहीम म्हणजे संशय. शब्द एकच. अरबीतून निघाला, फारसीच्या ओसरीवर थांबला आणि मराठीत आला. पण येताना त्याचा स्वभाव बदलला. भास झालेल्या माणसाला समजावता येतं, दिवा लावून कोपरा दाखवता येतो. वहीम धरलेल्या माणसासमोर दिवा लावला, तर तो म्हणतो, 'दिवा लावायची एवढी घाई का केलीत?'

या दोन अर्थांच्या मधल्या अरुंद बोळात मराठी रंगभूमीवरचं एक अस्सल विनोदी नाटक उभं आहे. गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत संशयकल्लोळ'. प्रेमात पडलेल्या आणि लग्नात अडकलेल्या माणसांची गंमत करणारी नाटकं आपल्याकडे पुष्कळ झाली, आजही होतात. पण त्या सगळ्यांचं आजोळ शोधायला गेलो, तर पाऊल या नाटकाच्या उंबऱ्याशीच येतं असं मला वाटतं. मी ते चार-पाच वेळा पाहिलं. शेवटचं पाहिलं ते भाचीबरोबर, आणि त्या रात्रीपासून ते मला पूर्वीइतकं सोपं वाटत नाही. ते का, हे पुढे सांगेन. आधी नाटकाकडे वळू.

गोष्ट साधी आहे. रेवती ही मघा नायकिणीची मुलगी. तिचं आणि अश्विनशेठचं एकमेकांवर प्रेम. एके दिवशी भर रस्त्यात रेवतीला भोवळ येते. जवळच असलेले फाल्गुनराव नावाचे गृहस्थ पुढे होऊन तिला सावरतात. फाल्गुनरावांची बायको कृत्तिका हे घरातून पाहते. तिला काय दिसतं? आपला नवरा एका तरुण बाईला धरून उभा आहे. या गडबडीत रेवतीजवळची अश्विनशेठची तसबीर खाली पडते आणि कृत्तिकेला सापडते. ती तसबीर ती न्याहाळत असते, तेवढ्यात फाल्गुनराव येतात. त्यांना काय दिसतं? आपली बायको एका देखण्या परपुरुषाच्या चित्रात रमली आहे. पुढे ती तसबीर आपल्यापाशी नसून फाल्गुनरावांपाशी आहे हे अश्विनशेठला कळतं. त्याला काय वाटावं? जी वस्तू मी माझ्या रेवतीला दिली, ती या माणसाकडे कशी? एक भोवळ आणि एक तसबीर, एवढ्या भांडवलावर चार माणसं एकमेकांना पारखी होतात. भादव्या नावाचा नोकर या गोंधळातून धावतो, धन्याच्या तोंडाकडे बघून बोलतो आणि गुंता आणखी वाढवतो.

पात्रांची नावं पाहा. फाल्गुन, अश्विन, वैशाख, भादवा हे महिने आणि रेवती, कृत्तिका, मघा ही नक्षत्रं. सगळं पंचांगच देवलांनी रंगमंचावर आणून सोडलं आहे. वर्षाचा अखेरचा महिना फाल्गुन, आणि त्याच महिन्यात शिमगा. नाव ठेवताना देवल गालातल्या गालात हसले असतील.

ही गोष्ट मूळची आपली नाही, हे देवलांनी लपवलं नव्हतं. मोलिएरने १६६० साली पॅरिसमध्ये 'स्गानारेल' नावाची एकांकी रंगभूमीवर आणली. स्गानारेलचं काम तो स्वतः करायचा. त्या नाटकाला जोडनाव होतं, त्याचा मराठीत अर्थ असा, की ज्याची बायको बदफैली आहे असं केवळ त्यालाच वाटतं असा नवरा. म्हणजे पुन्हा आमच्या अम्माचा वहम. त्यानंतर दोनच वर्षांनी मोलिएरने आपल्याहून सुमारे वीस वर्षांनी लहान असलेल्या नटीशी लग्न केलं. विनोदी नाटककारांच्या आयुष्याला विनोदाची जाण नसते, दुसरं काय म्हणायचं!

पॅरिसहून गोष्ट लंडनला गेली. आर्थर मर्फी या आयरिश लेखकाने १७६१ मध्ये तिचं पाच अंकी नाटक केलं. त्याच्या नावाचा अर्थ 'सगळ्यांचंच चुकलं'. मर्फीच्या नाटकावरून देवलांनी १८९३ मध्ये 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य नाटक रचलं. तेवीस वर्षांनी, १९१६ मध्ये, त्यात पदं घालून ते 'संगीत संशयकल्लोळ' झालं. गंधर्व नाटक मंडळीने त्याचा पहिला प्रयोग ऑक्टोबरात केला. पण देवल त्याच वर्षी जूनमध्ये गेले होते. ज्या रूपात हे नाटक अजरामर झालं, ते रूप त्यांनी रंगमंचावर पाहिलं नाही. गणपतराव बोडस फाल्गुनराव होते आणि बालगंधर्व रेवती.

देवल आमच्या मुलखातले. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे, तिथे १८५५ साली त्यांचा जन्म झाला. मी मिरजेचा. आमच्या गावात तंबोरे आणि सतारी होतात. भोपळे पंढरपूरकडून येतात, तारा जुळवणारे हात बहुतेक आमच्याच लोकांचे. बालगंधर्व पहिल्यांदा रंगमंचावर उभे राहिले तेही मिरजेतच, १९०५ साली, किर्लोस्कर मंडळीच्या 'शाकुंतला'त. पुढे त्यांच्या साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष बसायचे. गल्लीतले म्हातारे ही नावं नातेवाइकांची घ्यावीत तशी घ्यायचे. त्यामुळे नाट्यसंगीत ही कुणा दुसऱ्याची चीज आहे, असं मला लहानपणापासून कधी वाटलंच नाही.

आता मुद्द्याकडे येतो. देवलांच्या नाटकांची यादी पाहिली, तर एक गोष्ट मला फार विचार करायला लावते. 'तसबिरीचा घोटाळा' लिहिण्यापूर्वी त्यांनी 'झुंझारराव' लिहिलं होतं. 'झुंझारराव' म्हणजे शेक्सपिअरचा 'ऑथेल्लो'. तिथेही संशयच आहे. तिथेही एक मुकी वस्तू हातोहात फिरते, तसबिरीऐवजी हातरुमाल. तिथेही नवरा बायकोला सरळ प्रश्न विचारत नाही. विचारतो तेव्हा निकाल आधीच लागलेला असतो. फरक इतकाच, की तिथे शेवटी गळा दाबला जातो आणि इथे सगळे हसत एकत्र येतात. एकाच लेखकाने, काही वर्षांच्या अंतराने, एकाच रोगाची दोन नाटकं लिहिली. एकात रोगी दगावतो, दुसऱ्यात बरा होतो.

हे कसं घडतं? 'ऑथेल्लो'त यागो आहे. कुणीतरी बाहेरून विष कालवतो, रुमाल पळवतो, योग्य वेळी योग्य शब्द कानात सोडतो. 'संशयकल्लोळा'त असा खलपुरुष कुणी नाही. कुणी खोटं रचत नाही, कुणी कुणाचं वाईट चिंतत नाही. इथे ज्याचा यागो त्याच्याच डोक्यात बसला आहे. आणि माझ्या मते विनोदाचं बी नेमकं इथे पडतं. फाल्गुनरावांच्या कानात कुजबुजणारा दुसरा कुणी असता तर आपण त्यांची कीव केली असती. ते स्वतःच वकील, स्वतःच साक्षीदार आणि स्वतःच न्यायाधीश होतात, म्हणून आपण हसतो.

आम्ही गझल लिहिणारी माणसं. आमच्या मुलखात रकीब असतोच. माशूकच्या दारात तो आधीपासून उभा असतो, आपल्या आधी मैफलीत जाऊन बसतो. रकीब नसेल तर निम्मे शेर कोरे राहतील. 'संशयकल्लोळा'त गंमत अशी, की रकीब मुळात नाहीच. फाल्गुनराव अश्विनशेठला रकीब समजतात, अश्विनशेठ फाल्गुनरावांना. दोघेही रिकाम्या खुर्चीशी भांडताहेत. ज्याला मराठीत वहीम म्हणतात त्याचा शेवट अरबीतल्या वहमात होतो, असंही म्हणता येईल.

दुसरी गोष्ट पुराव्याची. या नाटकात प्रत्येकाकडे पुरावा आहे आणि प्रत्येक पुरावा खरा आहे. फाल्गुनरावांनी रेवतीला धरलं होतं, खरं. कृत्तिका तसबीर पाहत होती, खरं. तसबीर फाल्गुनरावांकडे होती, तेही खरं. डोळ्यांनी पाहिलेलं सगळं बरोबर आणि त्यातून काढलेलं सगळं चूक. खोट्या पुराव्यावर नाटक रचणं सोपं असतं. खऱ्या पुराव्यावर रचायला देवलांसारखा हिशेबी कारागीर लागतो. प्रेक्षकाला पहिल्या अंकातच सगळं ठाऊक असतं. त्याच्यासाठी कसलंही रहस्य उरलेलं नसतं. त्याला फक्त एवढंच बघायचं असतं, की ही शहाणी माणसं एक साधा प्रश्न विचारायला किती वेळ लावतात.

मोलिएरच्या नाटकात हा प्रश्न शेवटी नायिकेची दासी विचारते. ती सगळ्यांना उभं करते आणि एकेकाला विचारते, तुला नक्की काय दिसलं, ही वस्तू तुला कुठे मिळाली? झालं, गाठ सुटते. मालकांना जे जमलं नाही ते घरकामाच्या बाईने पाच मिनिटांत केलं. मला ही जागा फार आवडते. बड्या घरांमध्ये संशयाला फुरसत असते. दासीला पुढची भांडी घासायची असतात.

हसण्यावारी नेऊ नका, माझ्याही घरी हे नाटक झालं आहे. २००५ चा कृष्णेचा पूर ओसरल्यावर मी एक कविता लिहिली. त्यात 'तू' होती. तू दाराशी आलीस, तू उंबरा ओलांडलास, तू गेलीस आणि भिंतीवर तुझी खूण ठेवलीस, असा काहीसा मजकूर. कागद सदऱ्याच्या खिशात राहिला आणि धुवायला गेला. बायको कविता वाचणारी नव्हे, पण तो कागद तिने वाचला. आठ दिवस सालनात मीठ नव्हतं. मी विचारलं नाही. उलट माझ्या मनात आलं, ही हल्ली परसात जाऊन फोनवर हळू आवाजात कुणाशी बोलते? नवव्या दिवशी माझा एक कविमित्र हसत हसत घरी आला. बायको त्यालाच फोन करून विचारत होती, की ती 'तू' कोण? ती 'तू' कृष्णा नदी होती. आम्ही दोघं एकमेकांचे फाल्गुनराव आणि कृत्तिका होऊन बसलो होतो आणि भादव्या मात्र मजेत चहा पीत होता.

हे मी हसत सांगतो आहे, कारण आमच्या लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मुलं मोठी होती, घरावरचं कर्ज दोघांच्या नावावर होतं. नवरा-बायकोचा संशय अशा वेळी विनोदी होऊ शकतो, कारण खाली जमीन घट्ट असते. फाल्गुनराव आणि कृत्तिका कितीही तणतणले तरी रात्री एकाच घरात झोपणार, हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. ज्यांची जमीन अजून घट्ट झालेली नाही, त्यांचं काय? देवलांनी नाटकात दोन जोडपी ठेवली, एक लग्न झालेलं आणि एक लग्न व्हायचं असलेलं. संशय दोन्हीकडे सारखाच आहे. त्याचं वजन मात्र सारखं नाही.

इथे देवलांनी केलेला एक बदल पाहण्यासारखा आहे. मोलिएरची नायिका खात्यापित्या घरातली, मर्फीचीही तशीच. बापाने ठरवलेला नवरा नको, आपल्या पसंतीचा हवा, एवढंच त्यांचं दुखणं. देवलांनी आपली नायिका नायकिणीच्या घरातली घेतली. का? माझा तर्क असा. १८९३ चा काळ डोळ्यांसमोर आणा. त्याआधी दोनच वर्षं संमतिवयाचा कायदा झाला होता आणि त्याने ते वय दहावरून बारावर नेलं म्हणून केवढा गदारोळ उठला होता. ज्या समाजात मुलीचं लग्न परकरात असतानाच होत असे, तिथे वयात आलेली, अविवाहित, स्वतःच्या मनाने प्रेम करणारी आणि प्रियकराला मोकळेपणी भेटणारी नायिका आणायची कुठून? पांढरपेशा घरात ती नव्हतीच. नायकिणीच्या घरात असू शकत होती. शिवाय देवलांनी 'मृच्छकटिक' मराठीत आणलं होतं. गणिका असून एकावरच जीव जडवणारी वसंतसेना त्यांच्या हाताखालून गेली होती.

ही सोय करताना एक गोष्ट आपोआप घडली. रेवतीवर संशय घेणं सोपं झालं. मोलिएरच्या नायिकेवर एक माणूस संशय घेतो; रेवतीवर संशय घ्यायला सगळं गाव तयारच आहे, अश्विनशेठला फक्त त्यात सामील व्हायचं असतं. तो रागावतो तेव्हा त्याच्या तोंडून एकटा प्रियकर बोलत नाही. 'अशा घरातल्या' मुलीबद्दल जे बोललं जातं, ते सगळं त्या रागाच्या मागे उभं असतं. कृत्तिका नवऱ्याला सडेतोड उत्तर देऊ शकते, ती लग्नाची बायको आहे. रेवतीपाशी उत्तर द्यायला काय आहे? तिच्या शब्दाला किंमत किती, हे अश्विनशेठच्या मनावर.

पदं आली ती इथे कामाला आली. १८९३ चं गद्य नाटक धावपळीचं होतं असं म्हणायला हरकत नाही. फार्सला थांबून चालत नाही. मग गाणी कशाला? पुष्कळ जाणकार म्हणतात, की गाण्यांनी नाटक लांबलं. जुन्या दिवसांत संगीत नाटकं पहाटेपर्यंत चालायची, 'वन्समोअर'च्या आरोळ्यांनी कथानक जागच्या जागी उभं राहायचं. ते खरंच आहे. पण गाजलेली पदं बहुतेक अश्विनशेठ आणि रेवतीच्या वाट्याची आहेत. फाल्गुनरावांना बोलण्याची धार दिली आहे, प्रेमिकांना सूर दिला आहे. रेवती गायला लागली, की तेवढ्यापुरता संशयाचा चरक थांबतो आणि तिची बाजू ऐकू येते. पुराव्याने जे सिद्ध होत नाही ते सुराने होतं. कोर्टात हे चालणार नाही. रंगमंचावर चालतं.

आता भाचीचं सांगतो. माझ्या बहिणीची मुलगी, शिकलेली, सांगलीत नोकरी करणारी. तिची मंगनी झाली, तारीख ठरली. मुलगा पुण्यात चांगल्या नोकरीला. दोघं फोनवर तास तास बोलायची. आपा वरवर कुरकुर करायची आणि आतून खूश असायची. आणि एके दिवशी मुलाकडचा फोन थंडावला. काही दिवसांनी निरोप आला, की आमचा विचार बदलला. कारण सांगितलं नाही. कारण न सांगता मंगनी मोडली, की लोक ते आपापल्या मगदुराप्रमाणे भरून काढतात. आमच्या मोहल्ल्याने ते भरलं. तीन आठवडे ती मुलगी मान खाली घालून कामाला जात होती आणि तशीच परत येत होती.

कारण नंतर कळलं. कुणीतरी मुलाच्या फोनवर एक फोटो पाठवला होता. पावसात मोटारसायकल, पुढे हेल्मेट घातलेला माणूस, मागे त्याला धरून बसलेली आमची भाची. फोटो खरा होता. हेल्मेटमध्ये तिचा सख्खा भाऊ होता. मंगनीच्या वेळी तो दोह्यात नोकरीवर होता, म्हणून मुलाकडच्यांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं. दहा दिवसांच्या सुटीवर आला होता आणि पावसाचं म्हणून बहिणीला कामावर सोडत होता. मुलाच्या आईने शेवटी न राहवून आपाला आडून विचारलं, आपा म्हणाली, 'ती गाडी माझ्या मुलाची, आणि वर बसलेला माझा मुलगा.' दुसऱ्या रविवारी ती मंडळी मिठाईचा डबा घेऊन दारात हजर. मुलगा रडवेला झाला होता. त्याने माफी मागितली, मनापासून मागितली, मी तिथे होतो.

भाचीने नाही म्हटलं.

आम्ही सगळे तिच्या मागे लागलो. गैरसमज होता, मिटला. मुलगा चांगला आहे. एवढं काय धरून बसायचं? सगळ्यांत जास्त मी बोललो. मी कवी, घरातला शिकलेला मामू. आणि मला वाटलं, हिला 'संशयकल्लोळ' दाखवावं. सांगलीत हौशी मंडळींचा प्रयोग लागला होता. हसेल, हलकी होईल आणि परत येताना मी दोन शब्द सांगेन, असा माझा बेत होता.

ती हसली. फाल्गुनरावांच्या प्रत्येक प्रवेशाला खळखळून हसली. भादव्याच्या बावळटपणाला तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. अश्विनशेठ रेवतीला बोल लावू लागला, तिथेही प्रेक्षागृहात हशा होता, कारण खरी हकिगत सगळ्यांना ठाऊक होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती. पुढे रेवतीचं पद सुरू झालं. गाणारी मुलगी बेताचीच होती, वरच्या षड्जाला जरा घसरली. पण भाची पुढे सरकून, खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होती.

हे नाटक जुनं झालं असं मी मधल्या काळात पुष्कळांकडून ऐकलं. तसबिरीवरून एवढं रामायण? पण क्षितिज पटवर्धन यांचं 'नवा गडी नवं राज्य' घ्या. समीर विद्वांस यांनी बसवलेलं हे नाटक चाललं, त्यावर २०१३ मध्ये 'टाइम प्लीज' हा चित्रपटही निघाला. तिथे नव्या लग्नात बायकोचा जुना मित्र घरी येतो आणि नवऱ्याचा फाल्गुनराव होतो. भाषा आजची, घर फ्लॅटमधलं, बायको आपल्या मैत्रीबद्दल कुणाची परवानगी मागत नाही. गाठ मात्र तीच. खुद्द 'संशयकल्लोळ'ही परत आलं. निपुण धर्माधिकारी यांच्या दिग्दर्शनाखाली राहुल देशपांडे आणि प्रशांत दामले यांनी ते आटोपशीर करून रंगवलं आणि 'वन्समोअर' म्हणजे काय हे ठाऊक नसलेली पोरं तिकीट काढून गेली. त्यांना तसबिरीचं काही नवल वाटलं नसणार. १८९३ साली सगळ्या गावात मिळून थोड्याच तसबिरी असतील. आज प्रत्येकाच्या खिशात हजार असतात, आणि त्या पडायला भोवळ यावी लागत नाही. कोण किती वाजता जागं होतं, निरोप वाचला की नाही, वाचूनही उत्तर का दिलं नाही, याचा पुरावा तो छोटा पडदा मिनिटामिनिटाला पुरवतो. देवलांना हे यंत्र मिळालं असतं तर त्यांनी भादव्याला घरी बसवलं असतं.

प्रयोग संपला. सगळ्यांचे गैरसमज मिटले, अश्विनशेठ आणि रेवती एक झाले, पडदा पडला. सांगली-मिरज रस्त्याला त्या वेळी बस मिळेना, म्हणून आम्ही रिक्षा केली. विश्रामबाग मागे पडेपर्यंत दोघंही गप्प होतो. मी मनातल्या मनात माझे दोन शब्द जुळवत होतो.

तीच म्हणाली, "मामू, रेवती त्याला माफ का करते?"

मी म्हटलं, "त्याला चूक कळते म्हणून."

"चूक कळते, कारण तसबीर कुठून आली ते कळतं. कळलं नसतं तर?"

मी काही बोललो नाही.

"मला त्याने विचारलं असतं ना, ही मोटारसायकलवरची कोण," ती म्हणाली, "तर मी हसले असते. भाईजानला फोन लावून दिला असता. विचारलं असतं त्याने तर राग आला नसता. विचारलं नाही, आणि आता फोटो खरा कळला म्हणून आला. उद्या दुसरा फोटो येईल."

"लोक बदलतात," मी म्हटलं. स्वतःच्याच कानाला ते पोकळ वाटलं.

"बदलत असतील. रेवतीला जायला दुसरं घर नव्हतं, मामू. मला नोकरी आहे."

मिरज स्टेशनचे दिवे दिसायला लागले. तिला समजावायला म्हणून मी नेलं होतं. जे दोन शब्द जुळवले होते ते तसेच राहिले. घराशी उतरलो तेव्हा आपा दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. मी पाकीट काढेपर्यंत रिक्षाचे पैसे भाचीने दिले होते आणि ती रेवतीचं ते पद गुणगुणत आत गेली होती, वरच्या षड्जाला न घसरता.